सालामान्काच्या रस्त्यांवरचे व्याकरण

सालामान्का हे स्पेनच्या पश्चिमेकडील, तोर्मेस नदीकाठचे विद्यापीठाचे गाव. विद्यापीठ १२१८ सालचे, आणि नेब्रिहा या भाषापंडिताचे कॅस्टिलियन, म्हणजेच स्पॅनिश, भाषेचे व्याकरणही १४९२ मध्ये येथेच छापले गेले. त्यामुळे स्पॅनिश शिकणाऱ्याने पुस्तक पिशवीतच ठेवून येथे नुसते हिंडावे, तरी अभ्यास बुडत नाही.

घरांच्या सज्जांवर 'से बेंदे' अशा पाट्या दिसतात. 'से' म्हणजे 'स्वतःला' एवढेच शिकून आलेल्याला घर स्वतःलाच विकायला निघाले की काय असे वाटेल. पण आपल्या 'विकणे आहे' या पाटीवर तरी विकणारा कोठे असतो? प्लाथा मायोर या मुख्य चौकातील एका कॅफेत वाढपी मुलाकडून पेला फुटला, तेव्हा तो 'से मे आ काइदो' एवढेच म्हणाला. 'मी पाडला' नव्हे, 'माझ्या हातून पडला'; दोष अंगाला लागू न देण्याची ही सोय मराठी माणसाला कोणी समजावून सांगायला नको. असा 'स्वतःला' दाखवणारा शब्द जोडला, की कधी क्रियापदाचा अर्थही बदलतो: 'बोय' म्हणजे 'जातो', पण 'मे बोय' म्हणजे 'निघतो'.

विद्यापीठाच्या कोरीव दर्शनी भिंतीवर एका कवटीवर बसलेला दगडी बेडूक आहे आणि तो शोधण्यासाठी सारे प्रवासी माना वर करून उभे असतात. त्या गर्दीत 'बुस्को ला राना' म्हणणारे बरेच होते. एक बाई मात्र 'बुस्को आ मि एर्माना' म्हणत पुढे सरकल्या. बेडूक शोधायचा, पण बहिणीला शोधायचे: माणसाआधी लागणारा तो 'आ' म्हणजे आपला 'ला'च, फक्त नामाच्या आधी बसलेला.

नकाराच्या बाबतीत स्पॅनिश आपल्याहून सढळ आहे. 'कोणी कधी येत नाही' यात आपण एकदाच नकार देतो. 'नो बिएने नादिए नुंका' यात 'नो' (नाही), 'नादिए' (कोणीही नाही) आणि 'नुंका' (कधीही नाही) हे तिन्ही शब्द नकारार्थी असूनही अर्थ उलटत नाही. मात्र 'नादिए' क्रियापदाआधी आला, की 'नो' गळतो. हा नियम मला फार नीटस वाटतो.

'पोर' आणि 'पारा' यांच्यापुढे मात्र मराठीची मदत अपुरी पडते. स्थानकावर माद्रिदचे तिकीट 'पारा माद्रिद' मागायचे आणि गाडी 'पोर आबिला', म्हणजे आबिलामार्गे जाते, इथवर ठीक आहे. पण 'पारा ती' म्हणजे तुझ्यासाठी आणि 'पोर ती' म्हणजे कधी तुझ्यामुळे, कधी तुझ्याखातर, आणि यांतले नेमके कोणते ते संदर्भच ठरवतो.