तुम्ही विचारलंत म्हणून: बँड सोडून सिनेमात कसा आलो

गिटार शिकणाऱ्या मुलांचे मेसेज येतात, लग्नात कोणीतरी गाठतं, कॉलेजात बोलायला गेलो की शेवटी एक हात वर होतो आणि प्रश्न तोच असतो. "दादा, तुम्ही तर रॉक बँडमध्ये होतात ना, मग सिनेमाला म्युझिक कसं काय द्यायला लागलात? आणि बँडमधलं इथे काही कामाला येतं का?" दर वेळी घाईत काहीतरी सांगून वेळ मारून नेतो आणि मग घरी येऊन चुटपुट लागते, म्हणून आज नीट लिहितोय.

एक तर मी बँड 'सोडला' असा कुठला दिवस नाहीये. पुण्यात इंजिनिअरिंगला होतो, आम्ही चौघं होतो, ड्रमरच्या घरच्या गच्चीवरच्या खोलीत गाद्या उभ्या करून प्रॅक्टिस चालायची आणि डोक्यात फक्त कॉम्पिटिशन्स असायच्या. मग एका वर्षी कॉलेजच्या फिरोदियाच्या टीमला लाइव्ह म्युझिकला माणसं हवी होती. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, फिरोदिया करंडक म्हणजे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, त्यात नाटकाच्या गोष्टीत गाणं, नाच, चित्रकला, सगळ्या कला गुंफायच्या असतात. आम्ही गेलो विंगेत अँप लावून, आणि पहिल्याच तालमीत कळलं की इथे गाणं कधी संपणार हे आपण ठरवत नाही, समोरचा नट ठरवतो. त्याने एक वाक्य खाल्लं तर आपण चार बार, म्हणजे तालाची चार आवर्तनं, आधी थांबायचं, तो रडायला थांबला तर तोच कॉर्ड धरून बसायचं. मला त्याची चटक लागली, खरंच सांगतो, स्टेजच्या मधोमध उभं राहून सोलो वाजवण्यापेक्षा जास्त. तिथून ओळखीओळखीने मित्रांच्या शॉर्ट फिल्म्स, मग फिल्म शिकणाऱ्यांच्या डिप्लोमा फिल्म्स आणि बऱ्याच वर्षांनी पहिला मराठी सिनेमा. मधली वर्षं क्लासेस घेऊन आणि जिंगल्सवर काढली, त्यात सांगण्यासारखं फार नाही.

हा रस्ता मी शोधलेला नाही. रहमानसुद्धा १९९२ च्या 'रोजा'आधी चेन्नईत नेमेसिस अ‍ॅव्हेन्यू नावाच्या रॉक बँडमध्ये होते, आणि आपल्या मुंबईचा विशाल ददलानी पेंटाग्रामचा गायक. पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो डॅनी एल्फमन. लॉस एंजेलिसच्या ओइंगो बोइंगो बँडचा हा गायक, संगीताचं रीतसर शिक्षण नाही, आणि टिम बर्टनने आपल्या पहिल्या फीचर फिल्मचं म्युझिक त्याच्याकडे दिलं, ती १९८५ ला आली. अख्खा ऑर्केस्ट्रा समोर, प्रत्येक वाद्याला कागदावर काय लिहून द्यायचं हा प्रश्न. तर त्याने मदतीला कोणाला घेतलं, स्वतःच्याच बँडच्या गिटारिस्टला, स्टीव्ह बार्टेकला. १९८९ ला 'बॅटमॅन' झाला तरी बँड चालूच होता, तो थांबला १९९५ ला, म्हणजे दहा वर्षं दोन्ही चाललं, आणि बार्टेक त्यानंतरही त्याचं ऑर्केस्ट्रेशन करत राहिला. मला या गोष्टीत ऑर्केस्ट्रापेक्षा हे भावतं की तो नव्या घरात जाताना आपला माणूस बरोबर घेऊन गेला.

आता काय कामाला येतं ते. एक सीन सांगतो. सुरुवातीच्या एका शॉर्ट फिल्ममध्ये आजोबा नातवाला एसटी स्टँडवर सोडायला आलेले असतात, गाडी सुटते आणि पोराची पाण्याची बाटली आजोबांच्याच हातात राहते. मी त्यावर गिटारचे चार थर चढवले होते, हळूहळू वाढत जाणारे, मला वाटत होतं ऐकणाऱ्याच्या काळजाला हात घालणार. डायरेक्टरने ऐकलं, काही बोलली नाही, माझे सगळे ट्रॅक म्यूट केले आणि सीन परत लावला. इंजिन, कोणीतरी ओरडतंय, आणि कंडक्टरची डबल बेल, टण टण. ती म्हणाली, "अरे, इथे आधीच कोणीतरी वाजवतंय की."

मी ती रात्र त्या बेलबरोबर काढली. ट्यूनरवर बघितलं तर ती 'ए' या स्वराच्या थोडी वर होती, सरळ सुरात नाही. बेल सुरात आणता आली असती पण मग ती एसटीची राहिली नसती, म्हणून माझी गिटारच तेवढी वर चढवली. बेलपासून आजोबांचा हात खाली येईपर्यंत साडेसात सेकंद होते, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेम्सच्या हिशेबाने १८० फ्रेम्स, मिनिटाला ८० बीट्सच्या टेम्पोवर बरोब्बर दहा बीट्स. सहा बीट्स काहीच नाही, सातव्याला एकच हार्मोनिक, म्हणजे तारेला नुसतं बोट टेकवून काढलेला घंटीसारखा स्वर, आणि तो विरतोय तोवर हात खाली. चार थरांच्या जागी एक स्वर, तोही बेलच्याच सुरातला!

हे बँडमधूनच आलेलं आहे. गायक गात असताना गिटारने त्याच्या जागेत घुसायचं नाही हे आम्ही गच्चीवरच्या खोलीत भांडून भांडून शिकलो. सिनेमात डायलॉग हा गायक असतो. माणसाचे शब्द ज्या पट्टीत स्पष्ट ऐकू येतात त्याच मिड रेंजमध्ये डिस्टॉर्शनची, म्हणजे मुद्दाम खरखरीत केलेल्या आवाजाची, गिटारही पसरते, दोन्ही एकावर एक आले की मिक्सिंगला शब्द वाचवतात आणि गिटार खाली जाते, आणि तसंच व्हायला हवं. त्यामुळे मी आता बोलण्याच्या खाली बास ठेवतो नाहीतर एकदम वरचं काहीतरी झिरझिरीत, मधली जागा नटाची.

जे कामाला येत नाही तेही सांगतो, समोरची माणसं. स्टेजवर चुकलं तरी लगेच कळतं, आवडलं तरी लगेच कळतं. इथे सहा-सहा महिने तुम्ही, स्क्रीन आणि टेम्प ट्रॅक, म्हणजे एडिटरने तात्पुरतं लावलेलं दुसऱ्याच कुठल्या तरी सिनेमाचं म्युझिक, जे ऐकून ऐकून सगळ्यांच्या कानात घट्ट बसलेलं असतं. हा एकटेपणा मला खूप जड गेला, अजून जातो. म्हणून मी शक्य तिथे माणसं बोलावतो.

आमचा ड्रमर आता हिंजवडीत नोकरी करतो, शनिवारी येतो. गेल्या पावसाळ्यात एका सीनसाठी त्याला बोलावलं होतं, आई रात्री ओसरीवर बसून मुलाची वाट बघतीये, बाहेर पाऊस. मला ब्रशेसवर, म्हणजे काठ्यांऐवजी तारांच्या झुबक्यांनी ड्रम वाजवून, काहीतरी हळू हवं होतं. त्याने हेडफोन लावून सीन तीनदा बघितला, ब्रश उचलले, परत खाली ठेवले आणि म्हणाला, "भावा, इथे मी नकोय रे."

आम्ही चहा प्यायलो, सीन अजून एकदा लावला. तो नुसत्या पावसावरच गेला.