पिरनवाडी-मच्छेत खोली घेताना आधी मीटर बघा

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पाळीला जाणाऱ्याला टिळकवाडी-हिंदवाडीतलं भाडं झेपत नाही. मग पिरनवाडी, मच्छे, येळ्ळूर. तिकडे खोली स्वस्त मिळते हे खरंच, पण वाचलेले पैसे हेस्कॉमच्या, म्हणजे वीज कंपनीच्या, बिलात जायला वेळ लागत नाही. म्हणून मालकाला भाडं विचारण्याआधी मीटर विचारावा.

खोलीला स्वतंत्र मीटर आहे का? एकाच मीटरवर सबमीटर टाकून तीन बिऱ्हाडं ठेवली असतील, तर गृहज्योतीच्या, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेच्या, हिशेबात ते एकच घर. तिघांचे मिळून महिन्याला २०० युनिट ओलांडले की सवलत सगळीच जाते, अख्खं बिल अंगावर येतं. स्वतंत्र मीटर असला की भाडेकरूलाही योजना मिळते. सेवा सिंधू या सरकारी पोर्टलवर आधार आणि बिलावरचा खाते क्रमांक घालून अर्ज करायचा, भाडेकरार हाताशी ठेवायचा. अडतं ते बहुतेक एकाच ठिकाणी: मागच्या भाडेकरूचं आधार त्या मीटरला तसंच चिकटलेलं असतं. ते डी-लिंक झाल्याशिवाय डिपॉझिट देऊ नये. आपलं आधारही जुन्या घराच्या मीटरवरून सोडवून घ्यावं.

किती युनिट फुकट ते मागच्या वापराच्या सरासरीवर ठरतं. नव्या भाडेकरूची अशी जुनी सरासरी नसते, म्हणून ५३ युनिट अधिक दहा टक्के, म्हणजे ५८ युनिट फुकट धरतात. त्यावरचे, २०० च्या आतले, तेवढ्यांचेच पैसे पडतात. आता खोलीतली सगळी बटणं बंद करा आणि मीटरवरचा तांबडा दिवा बघा. तरीही लुकलुकत असेल तर आणखी कुणाचं तरी काहीतरी तुमच्या मीटरवर चालतंय. बहुतेक वेळा ते जिन्यातला दिवा नाहीतर बोअरची मोटर असते. एक एच.पी.ची मोटर तासाला साधारण एक युनिट खाते. रोज तासभर टाकी भरली तर महिन्याला तीसेक युनिट, म्हणजे ५८ मधले निम्मे दुसऱ्याच्या टाकीत.

खोली बघायला जुलैत जावं, उन्हाळ्यात सगळ्याच खोल्या कोरड्या असतात. ते जमलं नाही तर नवा रंग कुठवर दिलाय ते बघा. गुडघ्याएवढ्याच पट्ट्याला ताजा रंग असेल तर खाली लोणा लागलेला आहे; नखाने खरवडलं की पोपडा निघतो. कौलारू घर असेल तर शाकारणी कोण करणार ते आधीच ठरवा, मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर माणूस मिळत नाही. येळ्ळूर रस्त्याकडची स्वस्त जागा बघताना पावसाळ्यात फुगणारा बळ्ळारी नाला किती लांब आहे हेही विचारावं.

सीमेपलीकडून, महाराष्ट्रातल्या चंदगडकडून, आलेल्या बिऱ्हाडांची आणखी एक चूक होते. कर्नाटकाच्या शक्ती योजनेत बायकांना साध्या बसचं तिकीट पडत नाही, पण ओळखपत्रावर कर्नाटकातला पत्ता लागतो. आधारवर चंदगड तालुक्यातलं शिनोळी असेल तर रोजचं तिकीट काढावंच लागणार.

करार ११ महिन्यांचा असतो, कारण वर्षाच्या वर गेला की नोंदणी करावी लागते. 'लीज'वर, म्हणजे एकरकमी मोठी ठेव देऊन बिनभाड्याने, राहायचं असेल तर घरावर बँकेचं कर्ज नाही ना हे तपासल्याशिवाय पैसे हलवू नका. मालकाचे हप्ते थकले तर ठेव अडकते. करारात पहिल्या दिवशीचं मीटरचं रीडिंग आकड्यात लिहा आणि त्याचा फोटो काढून त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा.