कडक झालेला ब्रेक आणि वळणावर चिरलेला पाइप

कराडहून चिपळूणला जाताना कुंभार्ली घाटाच्या उतारावर एका वळणाआधी ब्रेक दाबला आणि पेडल नेहमीसारखे खाली गेलेच नाही. गाडी थांबत होती, पण तिला थांबवायला मला सीटला पाठ टेकवून सगळा जोर लावावा लागत होता. शेजारी बसलेल्या बाबांना मी काही बोलले नाही. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि घाट संपेपर्यंत इंजिनाच्या ओढीवरच सावकाश उतरवली. त्या अर्ध्या तासाची भीती अजून माझ्या पायात आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

घरी परतल्यावर गाडी गॅरेजमध्ये दिली. तिथे पुढचे ब्रेक पॅड बदलले, ब्रेक ऑइल नवे भरले, हवा काढली आणि काम झाले असे सांगितले. चार दिवसांनी, गाडी चांगली तापल्यावर, पेडल पुन्हा तसेच कडक झाले. मला वाटते, चूक इथेच झाली होती. सिस्टिममध्ये हवा शिरली किंवा ऑइलने पाणी धरले, तर पेडल बहुधा मऊ पडते, पाय खोल जातो. पॅड झिजून गुळगुळीत झाले तर गाडी उशिरा थांबते. पेडलच दाबले जात नसेल, तर आधी पाहायचा तो बूस्टर, म्हणजे आपल्या पायाला मिळणारी मदत.

बूस्टर म्हणजे बॉनेट उघडल्यावर ड्रायव्हरच्या बाजूला, मास्टर सिलिंडरच्या (पेडलचा दाब ब्रेक ऑइलला देणाऱ्या भागाच्या) मागे दिसणारा काळा, पत्र्याचा, गोल डबा. त्याच्या आत रबरी पडदा असतो. पेट्रोल इंजिन स्वतःकडे हवा ओढते तेव्हा इनटेक मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत) जी पोकळी, म्हणजे हवेचा कमी दाब, तयार होते, ती एका जाड पाइपाने या डब्यात येते. आपण ब्रेक दाबला की पडद्याच्या मागच्या बाजूला बाहेरची हवा शिरते आणि पडद्याला पुढे ढकलते. डबा ८ इंचांचा धरला तर पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे ३२० चौरस सेंटिमीटर भरते, आणि दर चौरस सेंटिमीटरला ०.६ किलो दाबाचा फरक मिळाला तरी कागदावर १९० किलोंच्या आसपास जोर होतो. ही मदत गेली की उरतो तो फक्त आपला पाय. डिझेल गाडीत ही पोकळी बनवायला वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, आणि काही जुन्या गाड्यांत तो बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या पाठीलाच जोडलेला असतो. तिथे तपासणी त्या पंपापासून सुरू करावी लागते.

बूस्टर तपासायला कोणतेही हत्यार लागत नाही. सपाट जागी हँडब्रेक ओढून, इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबायचे, म्हणजे साठलेली पोकळी संपून ते कडक होते. मग पाय तसाच दाबून ठेवून इंजिन सुरू करायचे. बूस्टर ठीक असेल तर पेडल पायाखाली थोडेसे खाली सरकते. सकाळी थंड गाडीत माझे पेडल व्यवस्थित सरकले, आणि गॅरेजमध्येही गाडी सकाळीच तपासली गेली होती. म्हणून मी वीस किलोमीटर फिरून आले आणि तापलेल्या गाडीत तेच पुन्हा केले. या वेळी पेडल जेमतेम हलले. इंजिन बंद करून दहा मिनिटांनी दाबले, तर पहिलाच दाब दगडावर पाय ठेवल्यासारखा लागला. खरे तर साठलेल्या पोकळीवर निदान दोन-तीन दाब हलके लागायला हवे होते. म्हणजे पोकळी टिकत नव्हती.

आता गळती पडद्यात आहे की पाइपात, एवढेच ठरवायचे होते. पडदा फाटला असेल तर बहुधा पेडल दाबल्यावर पायापाशी फुसफुस ऐकू येते आणि इंजिनाचा आवाज बदलतो. माझ्या गाडीत इंजिन गेले काही दिवस उभ्या गाडीतही जरा जोरात फिरत होते, आणि ब्रेक दाबला काय, सोडला काय, त्यात फरक पडत नव्हता. म्हणून संशय पाइपावर गेला, आणि त्यावरून हात फिरवत गेले. बूस्टरपाशी तो जिथे वळतो, तिथे खालच्या बाजूला बोटाला खरखर लागली. मोबाइलचा उजेड पाडून वाकून पाहिले, तर रबर पापडासारखे कडक झालेले, आणि तांदळाच्या दाण्याएवढी चीर. पाइप जरा वाकवला की ती तोंड उघडायची. तिथे बोट दाबून धरल्याबरोबर इंजिन शांत झाले. तो क्षण मला फार मोलाचा वाटला.

नवा पाइप घेताना मात्र घाई करू नये. पाण्याचा साधा मऊ पाइप तापल्यावर आतल्या ओढीने चपटा होऊ शकतो. गाडीसाठी ठरलेला, ब्रेक बूस्टरचाच पाइप मागावा. त्यातला एकतर्फी व्हॉल्व्हही मी काढून तपासला: इंजिनाच्या बाजूने फुंकले तर हवा पलीकडे जाता कामा नये, ओढली तर मात्र यायला हवी. माझा थोडा गळत होता, म्हणून तोही बदलला. व्हॉल्व्ह उलटा बसला तर बूस्टरला पोकळी मिळतच नाही, त्यामुळे त्यावरचा बाण इंजिनाकडे आहे ना, हे बसवणाऱ्या मिस्त्रींसोबत मी स्वतः उभी राहून पाहिले.

पेट्रोल वाचवायला घाटात इंजिन बंद करून गाडी उतरवणारे लोक आजही भेटतात. त्यांना कळकळीने सांगावेसे वाटते की इंजिन बंद झाल्यावर चांगल्या बूस्टरमध्येसुद्धा दोन-तीन दाबांपुरतीच पोकळी उरते, आणि पुढचे प्रत्येक वळण मी कुंभार्लीत घेतले तसे घ्यावे लागते.

माझ्या गाडीत आता एकच गोष्ट लक्ष ठेवण्याजोगी उरली आहे. मास्टर सिलिंडरचे मागचे सील गळू लागले तर ब्रेक ऑइल बाहेर न सांडता थेट बूस्टरमध्ये उतरते आणि पडद्याचे रबर खराब करते. म्हणून दर रविवारी मी ऑइलच्या डबीवरची पातळी पाहते, आणि गेले दोन महिने ती एकाच रेषेवर आहे.