दसऱ्याच्या रात्री अल्बर्ट हॉलमध्ये: गिल्मोरची मैफल आणि जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

ज्यांना फक्त उपयोगाचं हवंय त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो. सत्तरी-ऐंशीतले ब्रिटिश रॉकवाले ऐकायचे असतील तर स्टेडियम सोडा, हॉल धरा. मुंबईहून एवढा खर्च करून जायचं आणि मैदानाच्या शेवटच्या टोकाला उभं राहून पडद्यावरच बघायचं, तर घरचा टीव्ही काय वाईट? हॉलचं तिकीट मिळायला अवघड असतं, पण मिळालं तर त्या माणसाची बोटं दिसतात. या मंडळींच्या बाबतीत आता तेच बघायचं असतं.

आम्ही गेलो होतो पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या गिटारवाल्याला, डेव्हिड गिल्मोरला ऐकायला, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, १२ ऑक्टोबर २०२४ ला. तारीख मुद्दाम निवडलेली नव्हती. मिळाली ती घेतली. नंतर कॅलेंडर उघडलं तर दसरा! मामी म्हणाली, "सणाच्या दिवशी घर सोडून कुठे निघालात?" मामानं शांतपणे सांगितलं, "सीमोल्लंघनच करतोय."

मामा म्हणजे माझा सख्खा मामा. बँकेतून निवृत्त, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, आणि पिंक फ्लॉइडचा भक्त कॅसेटच्या जमान्यापासून. काळा घोड्याचं रिदम हाऊस हे गाण्यांच्या रेकॉर्डचं दुकान २०१६ साली बंद झालं तेव्हा हा माणूस काही दिवस कुणाशी धड बोलला नव्हता. फ्लॉइडमधलाच रॉजर वॉटर्स फेब्रुवारी २००७ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात वाजवून गेला, तेव्हा मामा तिथे होता. गिल्मोर मात्र राहिला होता. तो ७८ वर्षांचा, हा सत्तरीकडे झुकलेला. आता नाही तर कधी, एवढाच विचार करून आम्ही तिकिटांच्या मागे लागलो.

तिकिटांचं नीट वाचा, कारण बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. विक्री बहुधा तिकडच्या सकाळी दहाला उघडते, म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारचे अडीच आणि हिवाळ्यात साडेतीन. हॉलच्या वेबसाइटवर खातं आधीच काढून ठेवा. कार्डावर परदेशी व्यवहार चालू आहेत का ते आदल्या दिवशीच बघा, आणि ओटीपी येणारा फोन हातात ठेवा. पहिल्या झटक्यात नाही मिळालं तर हातपाय गाळू नका. या हॉलमधल्या बाराशेहून जास्त खुर्च्या खाजगी मालकीच्या आहेत. १८७१ साली हॉल उघडला, त्याच्या बांधकामासाठी पैसे उभे करताना ९९९ वर्षांच्या कराराने त्या विकल्या होत्या. त्यामुळे नकाशावर जेवढं दिसतं तेवढं सगळं तुमच्या-आमच्यासाठी नसतंच. पण परत आलेली तिकिटं हॉलच्या वेबसाइटवर शेवटच्या दिवसांपर्यंत अधूनमधून झळकतात. आमची अशीच मिळाली. रात्री झोपण्याआधी आणि उठल्या उठल्या बघायचं, एवढीच युक्ती. भलत्या साइटवर तिप्पट भावानं घेऊ नका. रांगेत आमच्या पुढच्या पोराकडे असंच घेतलेलं तिकीट होतं, ते दारावर चाललं नाही. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

व्हिसाचं थोडक्यात: पर्यटक व्हिसा पुरतो, बोटांचे ठसे मुंबईत किंवा पुण्यात देता येतात, निदान तीन आठवडे हाताशी ठेवा. आम्ही भरली तेव्हा सहा महिन्यांच्या व्हिसाची फी ११५ पौंड होती, त्यानंतर ती वाढली आहे. तिकीट आधी की व्हिसा आधी हा प्रश्न सगळेच विचारतात. तिकीट आधी. व्हिसा काय, पुन्हाही मिळेल.

हीथ्रो विमानतळावरून मेट्रोची पिकॅडिली लाइन थेट साउथ केन्सिंग्टनला येते, गाडी बदलावी लागत नाही. वेगळं कार्ड काढायची गरज नाही, आपलं टॅप करायचं बँकेचं कार्ड चालतं. फक्त शिरताना आणि बाहेर पडताना तेच कार्ड लावा. साउथ केन्सिंग्टनहून म्युझियमांकडे जाणारा भुयारी रस्ता आहे, पाऊस असेल तर त्यानं जा, नाहीतर वरून एक्झिबिशन रोडनं. रस्त्याला किंचित चढ आहे, मामाच्या गुडघ्यांना तो लगेच कळला. ज्यांना चालायचं नाही त्यांनी ९ किंवा ५२ नंबरची बस घ्यावी, ती हॉलच्या समोरच सोडते. इमारत गोल आहे आणि दारांना नंबर आहेत. तिकिटावरचा दरवाजा बघून त्याच बाजूनं गेलात तर फुकटची प्रदक्षिणा वाचेल.

आता खुर्च्या. अगदी खालचा भाग सपाट, म्हणजे पुढे उंच गोरा बसला की संपलं. त्याभोवतीचे स्टॉल्स सगळ्यात सोयीचे: खुर्च्या फिरत्या आहेत, स्टेजकडे वळवून बसता येतं. वरचं सर्कल स्वस्त आणि दिसतंही छान, पण उतार असा की पहिल्यांदा बसताना पोटात गोळा येतो. चक्कर येणाऱ्यांनी तिकडे फिरकू नये. त्याच्याही वर गॅलरी, तिथे बऱ्याचदा उभं राहायचं असतं. घरातलं कुणी वडीलधारं सोबत असेल तर स्टॉल्समध्ये कडेची जागा बघा, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. लिफ्ट आहेत, पण विचारावं लागतं; विचारलं की कर्मचारी अगदी आपुलकीनं नेऊन सोडतात. मोठ्या बॅगा आत घेऊ देत नाहीत, तेव्हा विमानतळावरून थेट सुटकेस ओढत येऊ नका.

दारं उघडायच्या बरंच आधी पोचलो. तसं पोचाच, कारण अर्धा कार्यक्रम बाहेरच होतो. पांढऱ्या केसांचा समुद्र, आणि त्यात जागोजागी फ्लॉइडच्या मुखपृष्ठावरच्या प्रिझमचे काळे टी-शर्ट. मामाला कुणाशीही बोलायला ओळख लागत नाही. दहा मिनिटांत तो एका निवृत्त शिक्षकाशी आणि त्याच्या बायकोशी गप्पा मारत होता. त्या बाईंनी फ्लॉइडचा १९७३ चा अर्ल्स कोर्ट सभागृहातला कार्यक्रम पाहिलेला, नवरेबुवांनी १९७७ चा वेम्बलीचा, आणि कोणता भारी यावर त्यांचं लग्नाआधीपासून भांडण चालू आहे. मग नवऱ्यानं विचारलं, "आज तारीख काय आहे, माहीत आहे ना?" मामा म्हणाला, "दसरा." त्याला सांगायचं होतं वेगळंच. बरोबर तीस वर्षांपूर्वी, १२ ऑक्टोबर १९९४ ला, पिंक फ्लॉइडच्या अर्ल्स कोर्टमधल्या पहिल्याच रात्री प्रेक्षकांचा एक अख्खा स्टँड कोसळला होता. बाराशे माणसांचा. लोक जखमी झाले, जीव कुणाचा गेला नाही, कार्यक्रम मात्र रद्द होऊन १७ तारखेला झाला. हे दोघं त्या रात्री तिथेच होते, समोरच्या बाजूला. आता ते अर्ल्स कोर्टही पाडून टाकलंय.

मग फ्लॉइडमध्ये भारी कोण, गिल्मोर की वॉटर्स, हा वाद निघाला. तो निघणारच होता. शिक्षक कट्टर गिल्मोरवाले. मामानं दोघांचीही बाजू घेतली, म्हणजे कुणालाच पटलं नाही. बाईंनी विषय बदलून विचारलं, मुंबईत हे सगळं ऐकायला कसं मिळायचं? तेव्हा मामानं पोतडी उघडली: पाचगणीच्या शाळेत शिकलेला फारुख बलसारा पुढे क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी झाला, लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट १९७२ मध्ये मुंबईत येऊन आपल्या वादकांबरोबर ध्वनिमुद्रण करून गेले, एप्रिल २००३ मध्ये रोलिंग स्टोन्स ब्रेबोर्नवर वाजवून गेले. पेज-प्लँटचं त्या शिक्षकाला आधीच माहीत होतं. पाचगणी मात्र त्यानं वहीत लिहून घेतलं.

या हॉलशी फ्लॉइडचं जुनं वैरही आहे. जून १९६९ मध्ये त्यांनी इथे कार्यक्रमाच्या शेवटी तोफा उडवल्या आणि गुलाबी धुराचा बॉम्ब फोडला. हॉलवाल्यांनी तिथल्या तिथे बंदी घातली. त्याच बँडमधला माणूस २०२४ मध्ये मधली एक सुट्टी सोडून सहा रात्री तिथे वाजवतो, आणि हॉल त्याचे पोस्टर मिरवतो.

कार्यक्रम वेळेवर सुरू होतो. आपल्याकडच्या सवयीनं 'आठ म्हणजे साडेआठ' असं धरून बाहेर चहा पीत बसाल तर पहिली दोन गाणी गेली. मध्ये एक मध्यंतर असतं. आणि ऐका: बरेच लोक नवीन गाणं लागलं की उठून बारकडे जातात. तसं करू नका. त्या रात्रीचं सगळ्यात चांगलं वादन नव्या गाण्यांतच होतं. 'लक अँड स्ट्रेंज' हा अल्बम सप्टेंबर २०२४ मध्ये आला, कार्यक्रमाच्या महिनाभर आधी. त्याच नावाच्या गाण्यात फ्लॉइडमधल्या रिक राइटचं कीबोर्ड आहे, २००७ मध्ये गिल्मोरच्या घरच्या कोठारात सहज वाजवताना टेप केलेलं. राइट २००८ मध्ये गेला. हे माहीत असून ऐकलं की गाणं वेगळंच लागतं. मग गिल्मोरची मुलगी रोमानी हार्प घेऊन बसली आणि 'बिटवीन टू पॉइंट्स' तिनंच गायली. बाप मागे सरकून गिटार वाजवत होता. आपल्याकडे गुरू तंबोऱ्यावरच्या शिष्याला मध्येच जागा करून देतात, अगदी तसं.

आवाज उतरलाय का? उतरलाय. वरच्या पट्टीत तो जपून जातो, कोरसमधल्या बायका सांभाळून घेतात. पण बोटांना वय झालेलं नाही. गिल्मोर कधीच वेगाचा वादक नव्हता. एक सूर ओढून धरायचा, त्याला हळूच वर न्यायचं, आणि मग शांतता. म्हातारपणी वेगवाले थकतात, हा थकला नाही, याचं कारण मला तरी तेच वाटतं. हातातली काळी गिटार बघून मागचा एकजण बायकोला सांगत होता, "तीच ती!" ती नव्हे. फ्लॉइडच्या दिवसांतली ती मूळ काळी स्ट्रॅट गिटार त्यानं २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात विकली, ३९ लाख ७५ हजार डॉलरला, आणि अख्ख्या लिलावाचा पैसा पर्यावरणाचे खटले लढणाऱ्या संस्थेला देऊन टाकला. मामाला मागे वळून हे सांगायचं होतं, मी हात धरून बसवला.

'द ग्रेट गिग इन द स्काय' पियानोभोवती मेणबत्त्या लावून चार बायकांनी मिळून गायलं. मूळ गाण्यातला एकटीचा आक्रोश चौघींत वाटून घेतलेला, कुजबुजीसारखा. रांगेतल्या त्या शिक्षकांना हे अजिबात आवडणार नाही असं मला वाटलं होतं. नंतर दारात भेटले तेव्हा म्हणाले, आजचं सगळ्यात चांगलं तेच. बाईंना आवडलं नव्हतं. चला, आणखी पन्नास वर्षांची सोय झाली. शेवटी 'कम्फर्टेबली नम्ब'. त्याबद्दल मी काही लिहीत नाही. ज्यांना ते गाणं माहीत आहे त्यांना गरज नाही.

'मनी' नाही, 'शाइन ऑन' नाही, 'अनदर ब्रिक इन द वॉल'मधली भिंतीतली वीटही नाही. हिट गाण्यांची यादी खिशात घेऊन जाणाऱ्यांची निराशा होते, झालीही. आधीच्या रात्रींची गाण्यांची यादी नेटवर सापडते; ती बघून मन तयार करून जा. या वयात हे लोक रोज यादी बदलत नाहीत.

परतीचं: शुक्रवारी आणि शनिवारी पिकॅडिली आणि ज्युबिली लाइन रात्रभर धावतात, इतर दिवशी मध्यरात्रीनंतर हाल. शनिवार-रविवारी दुरुस्तीसाठी एखादी लाइन बंद असू शकते, सकाळीच ॲपवर बघा. ऑक्टोबरात रात्री गारठा आणि भुरभुर असते, पातळ रेनकोट हवा. कानात घालायचे बोळे न्या. मामानं हसून नको म्हटलं आणि दुसऱ्या भागात मागून घेतले.

दुसऱ्या दिवशी हातात वेळ असेल तर बॅटरसी पॉवर स्टेशन बघा. १९७६ च्या डिसेंबरात फ्लॉइडच्या अल्बमच्या मुखपृष्ठासाठी तिथे बांधलेला फुग्याचा डुक्कर सुटून उडाला होता. आज आत दुकानं आहेत आणि चिमणीतून वर नेणारी काचेची लिफ्ट. बीटल्सच्या झेब्रा क्रॉसिंगसाठी ॲबे रोडला जायचं तर सेंट जॉन्स वुड स्टेशन. ॲबे रोड नावाचं वेगळं स्टेशन पूर्व लंडनमध्ये आहे, तिथे झेब्रा क्रॉसिंग शोधत फिरणारे बिचारे रोज दिसतात म्हणे. फ्रेडीच्या भक्तांसाठी फेल्टममध्ये ग्लॅडस्टन अव्हेन्यूवर, त्याच्या इंग्लंडमधल्या पहिल्या घरावर निळी पाटी आहे. हे हीथ्रोच्या जवळ, म्हणून परतीच्या दिवशी जमतं. लोक राहतात तिथे, फोटो रस्त्यावरूनच काढा. आणि भूक लागली तर तिथून हाऊन्स्लो लांब नाही, श्रीकृष्ण वडापाव तिथेच. मामानं दसऱ्याचं गोडधोड चुकल्याची भरपाई तिथे तिखटानं केली.

पुढचा नंबर गिटारवाल्या एरिक क्लॅप्टनचा लावायचा विचार आहे. १९६४ पासून त्यानं याच हॉलमध्ये दोनशेहून जास्त वेळा वाजवलंय, १९४५ चा जन्म, अजून अधूनमधून येतो. मामाची एकच अट आहे: कडेची खुर्ची, आणि ती स्टॉल्समध्येच.