काळ्या मातीतली ड्रेनेज लाइन: नागपूरच्या प्रतापनगरातल्या जुन्या घराची पुढची नोंद

घर सत्तरच्या दशकातलं, लेआउटमधलं, खाली अस्सल काळी माती. या टप्प्यात मागच्या सांदवाडीतली (घरामागच्या अरुंद बोळातली), पावसाळ्यात तुंबणारी ३० फुटांची ड्रेनेज लाइन पूर्ण उकरून झाली. आरसा-टॉर्चच्या तपासणीतच अंदाज आला होता. वरच्या चेंबरमध्ये टॉर्च धरायचा आणि काठीला बांधलेला आरसा खालच्या चेंबरमध्ये सोडायचा. लाइन सरळ असेल तर आरशात पूर्ण गोल दिसतो. इथे गोल वरून-खालून कापलेला दिसत होता, म्हणजे पाइप मधे बसलाय आणि तिथे पाणी उभं आहे. ही तपासणी फुकटात होते, त्यामुळे फरशी फोडण्याआधी ती करायलाच हवी. मात्र झाकण काढून चेंबर बराच वेळ उघडं ठेवा आणि डोकं आत घालू नका. रस्त्यावरच्या मॅनहोलला तर हातही लावू नका, ते काम महानगरपालिकेचं.

उकरल्यावर २-२ फुटांचे स्टोनवेअर (भाजलेल्या मातीचे) पाइप निघाले. म्हणजे ३० फुटांत पंधरा तुकडे, आणि प्रत्येक सांधा सुतळी-सिमेंटने कडक बांधलेला. नागपूरच्या उन्हाळ्यात काळी माती आकसते, तिला बोटभर भेगा पडतात. पावसाळ्यात तीच माती फुगून वर येते. कडक सांधा ही हालचाल सोसत नाही, त्याला केसाएवढी चीर जाते. खरं नुकसान यानंतर सुरू होतं. चिरेतून झिरपणाऱ्या पाण्याने तेवढ्याच जागेची माती बारा महिने ओली आणि फुगलेली राहते, बाजूची मात्र सुकून खाली बसते. पाइप नेमका तिथेच वाकतो. त्या ओलाव्याला पेरूची मुळं आली होती. आत शिरताना धाग्याएवढी, आत गेल्यावर झुपका. त्यात साबणाचा थर आणि मैला अडकतो. बांबूची कामटी घातली की झुपक्यातून भोक पडतं, पाणी उतरतं, आणि पुढच्या पावसाळ्यात तेच दुखणं परत. अ‍ॅसिड ओतण्याने मुळं जात नाहीत, उलट सिमेंटचे सांधे खाल्ले जातात. ब्लीचिंग पावडर आणि अ‍ॅसिड एकत्र आले तर विषारी वायू सुटतो, तेव्हा तो प्रयोग अजिबात नको.

म्हणूनच या मातीत नुसता पाइप बदलून भागत नाही, आधी खालची गादी बदलावी लागते. चर दीड फूट रुंद घेतला. पाइपच्या तळापेक्षा सहा इंच जास्त खोल जाऊन काळी माती काढली. त्यात मुरूम, दोन थरांत, प्रत्येक थर पाणी मारून धुम्मस केलेला, म्हणजे ठोकून घट्ट दाबलेला. वर दोन इंच वाळू. सॉकेट (पाइपचं रुंद तोंड, ज्यात दुसरा पाइप बसतो) येतो तिथे वाळूत खळगा करायचा, म्हणजे पाइप संपूर्ण लांबीवर टेकतो. नाहीतर सगळं वजन सॉकेटवर येतं आणि मधे पुन्हा पोट पडतं. दोन्ही बाजूंनी आणि पाइपच्या वर सहा इंचांपर्यंत वाळू, त्यानंतर मुरूम. निघालेली काळी माती पाइपला चिकटून परत टाकू नका. चर घराच्या पायाच्या तळापेक्षा खोल जात असेल तर सगळा एकदम उघडा ठेवू नये, पाच-सहा फुटांचे टप्पे घ्यावेत.

पाइप ११० मिमी एसडब्ल्यूआर (मैला, सांडपाणी आणि पावसाच्या पाण्यासाठीचा पीव्हीसी पाइप), टाइप बी. दुकानात स्वस्त म्हणून टाइप ए पुढे करतात. तो पातळ असतो, पावसाच्या पाण्याला आणि व्हेंटला (हवा जाण्याच्या नळीला) ठीक, मैल्याच्या लाइनला नाही. १० फुटी तीन नगांत काम झालं, म्हणजे सांधे मोजकेच. तेही सॉल्व्हंटने न चिकटवता रबर रिंगचे घेतले, माती हलली तरी ते थोडं सोसतात. टोक कानसून तिरकं करा, रिंगला साबणाचं पाणी लावा (तेल-ग्रीस नको, रबर खराब होतं), पाइप पूर्ण आत ढकलून खूण करा आणि १० मिमी मागे ओढा. सॉकेटचं तोंड नेहमी वरच्या बाजूला.

उतार १:४०, म्हणजे ३० फुटांना नऊ इंच. पाणसळीवर विसंबू नका, पाणी भरलेली लेव्हलची पारदर्शक नळी वापरा. नळीत बुडबुडा राहिला तर माप चुकतं. ‘मोठा पाइप बरा’ म्हणून सहा इंची टाकणं एका कुटुंबाच्या घराला चुकीचं आहे: पाणी पसरून पातळ वाहतं आणि मैला मागेच राहतो.

चेंबरचा तळ सपाट होता. तिथे अर्ध्या पाइपच्या आकाराची नाळ केली, दोन्ही बाजूंना नाळेकडे उतरतं बेंचिंग (तिरका उतार), वर १:३ सिमेंटचं घोटीव प्लास्टर. नंतर खालचं तोंड बुचाने बंद करून पाणी भरलं, तासाभरात पातळी उतरली नाही.

छताचं पावसाचं पाणी याच चेंबरला जोडलेलं होतं, ते तोडलं. जोराचा पाऊस आला की ११० मिमीची लाइन ते पेलत नाही आणि मोरीतून उलटं पाणी येतं. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडून नागनदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, ते ज्यांनी पाहिलं त्यांना वेगळं सांगायला नको. घर सखल भागात असेल तर शेवटच्या चेंबरमध्ये झडपेचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारा) बसवाच, फक्त झडप पावसाळ्याआधी उघडून साफ करा.

घरातला वास हा बहुतेक वेळा लाइनचा दोष नसतो. नहाणी ट्रॅपमध्ये (मोरीच्या जाळीखालच्या, पाणी धरून वास अडवणाऱ्या भांड्यात) दोन इंच पाणी टिकायला हवं. मे महिन्यात न वापरलेल्या बाथरूममधलं ते सुकून जातं. तांब्याभर पाणी ओतून वर चमचाभर गोडेतेल टाकलं की बाष्पीभवन मंदावतं. कूलर धुताना वुडवूलचे तुसे त्याच ट्रॅपमध्ये जातात, तेव्हा धुण्याआधी जाळीवर फडकं पसरा.

पिण्याच्या पाण्याची जुनी अर्धा इंची जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाची) लाइन याच चरात, ड्रेनेजच्या खाली सापडली. नळ बंद असताना गंजलेल्या पाइपात उलटी ओढ निर्माण झाली तर आजूबाजूचं सांडपाणी आत खेचलं जातं, म्हणून ती बंद करून सीपीव्हीसीची (नळाच्या पाण्यासाठीच्या प्लॅस्टिक पाइपची) लाइन घराच्या भिंतीवरून घेतोय. जीआयला जोडताना पितळी आट्यांचा अडॅप्टर घ्या, प्लॅस्टिकचे आटे पान्याने आवळताना तडकतात. गच्चीवरच्या भागाला पाण्यात मिसळणारा पांढरा अ‍ॅक्रिलिक रंग द्यायचा, ऑइलपेंट नाही. ४० अंशांच्या फरकाने १० फुटी सीपीव्हीसी साधारण सात मिमी वाढतो, तेव्हा क्लॅम्प सैल ठेवायचे.

बाकी आहे ते गली ट्रॅपचं, म्हणजे घराबाहेर चेंबरच्या आधी बसणाऱ्या, वास अडवणाऱ्या ट्रॅपचं. नवा ट्रॅप आणलाय, पण त्याच्याखालची काळी माती अजून काढायची आहे. मुरूम भरून धुम्मस झाल्यावरच तो बसेल.