दुगारवाडीच्या पलीकडच्या काठावर

नाशिककराला पूर ओळखायला शिकवतो तो गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती. पाणी पायाला लागलं, गुडघ्याला आलं, कमरेपर्यंत गेलं, असं आम्ही फोन करकरून एकमेकांना सांगतो. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं ते आधी कळतं, गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, टपऱ्या हलतात, मग पाणी चढतं. २००८ चा आणि २०१६ चा पूर मी असाच पायरीपायरीने वर येताना पाहिला. डोंगरातलं पाणी तसं येत नाही, हे मला गेल्या जुलैत दुगारवाडीच्या धबधब्यावर कळलं.

मी, धाकटा भाऊ, भावजय आणि नऊ वर्षांचा भाचा सकाळी आठला पंचवटीतून निघालो. शहरात नुसती भुरभुर होती. त्र्यंबक मागे टाकून जव्हारच्या रस्त्याला लागलो, तर खाचरांत भाताची आवणी चाललेली आणि ब्रह्मगिरी ढगात पार बुडालेला. तो दिसत नाही याचा अर्थ माथ्यावर पाऊस कोसळतोय, एवढं साधं गणित त्या दिवशी मी मांडलं नाही. हवामान खात्याचा इशारा सकाळी वाचला होता, पण नाशिकसाठी पिवळा एवढाच. खालच्या ओळीत नाशिकच्या घाट परिसरासाठी नारंगी लिहिलं होतं. नारंगी म्हणजे एका दिवसात साधारण ११५ ते २०४ मिलिमीटर पाऊस होऊ शकतो. घाटाची ओळ वेगळी असते ती यासाठीच: शहरात वर्षभरात हजार मिलिमीटरही होत नाही, तिकडे इगतपुरीत तीन हजारांच्या वर जातो.

धबधब्याकडे जाताना ओढा ओलांडावा लागतो. आम्ही गेलो तेव्हा पाणी जेमतेम घोट्यावर होतं. पलीकडे बसून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. साडेबाराच्या सुमारास पाण्याचा आवाज बदलला. खळखळ दबली आणि खालून घरघर यायला लागली. स्वच्छ पाणी तांबूस झालं, त्यावरून पाचोळा आणि काटक्या वाहत आल्या. आमच्या डोक्यावर मात्र तीच भुरभुर.

"घोटाभर तर पाणी आहे, दोन मिनिटांत पलीकडे जाऊ," भाऊ म्हणाला. तेवढ्यात मागे गुरं चारणारे एक बाबा ओरडले, "दादा, पोराला घेऊन आधी वर या! डोंगरावर धरलंय त्यानं!"

आम्ही चप्पल, डबे तिथेच टाकून चढलो. वर पोचून वळून पाहिलं तेव्हा ज्या दगडांवर पाय देऊन आलो होतो ते दिसत नव्हते. एक अख्खी फांदी गरगरत गेली. पाण्याखाली धोंडे एकमेकांवर आपटत होते, त्याचे धक्के पायांना जाणवत होते. भाच्याने माझा हात इतका घट्ट धरला की बोटं दुखली.

सह्याद्रीचा काळा कातळ पाणी पीत नाही, वरची माती जुलैपर्यंत भिजून तुडुंब असते. चारी बाजूंच्या उतारांचं पाणी मग एकाच घळीत उतरतं. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, म्हणून गुडघाभर पाणीही धडधाकट माणसाला आडवं करतं, आणि दगडांत पाय अडकला तर उठता येत नाही. हात धरून साखळी करायची, हे आपल्याला फार शहाणपणाचं वाटतं. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकमेकांना धरून प्रवाहात उभं राहिलेलं कुटुंब वाहून गेलं, त्यात पाच जण दगावले. आणि याच दुगारवाडीला ऑगस्ट २०२२ मध्ये पर्यटक पलीकडे अडकले होते. बचावपथकांनी रात्री त्यांना बाहेर काढलं, पण एक जण वाहून गेला होता.

बाबांनी काठावर एक काठी रोवली. "हिच्याकडं बघायचं. पानी जसं येतं तसं जातं, तवर बसायचं." एवढंच. मी कातळकड्याच्या अगदी खाली बसायला गेले तर त्यांनी तिथूनही उठवलं, पावसात वरून दगड सुटतात म्हणून. भावाने वर चढून रेंज मिळवली आणि घरी कळवलं. पाणी उतरलंच नाही तर ११२ ला फोन करायचं ठरवलं. भावजयीने पिशवीतला कोरडा शर्ट भाच्याला घातला, गुळाचा खडा दिला. तो कुडकुडत होता, आणि त्या पाच तासांत मला पुरापेक्षा त्याच्या निळसर ओठांचीच भीती जास्त वाटली.

काठी दोनदा उपटून बाबांना मागे रोवावी लागली. चार वाजता ती पहिल्यांदा कोरडी राहिली. तरी त्यांनी उठू दिलं नाही. तळाचे दगड दिसायला लागले तेव्हा, साडेपाचला, स्वतः पुढे होऊन आम्हाला उतरवलं. पैसे देऊ केले तर घेतले नाहीत. खाली येणाऱ्यांना सांगा, म्हणाले.

वाट चढताना पाच मुलं उतरताना भेटली, एकाच्या हातात स्पीकर. भाऊ वाटेत आडवा उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं. तिघं परत फिरले. दोघं "बघून येतो" म्हणत खाली गेले. अंधारायला लागलं होतं, भाचा पेंगत होता, तरी त्यांचे आवाज पुन्हा वर येईपर्यंत आम्ही चौघंही गाडीपाशी थांबून राहिलो.