पाच चिठ्ठ्या आणि चिकटपट्टीची खोली

सोमवार, रात्री साडेअकरा

तारीख ठरली! "जाऊया गं एकदा" इथेच चार वर्षं अडलेलं आमचं घोडं आज पुढे सरकलं. पाच जणी, तीन रात्री, चार दिवस. शाळेपासूनच्या मैत्रिणी आम्ही, पण पाचही जणी मिळून घराबाहेर एक रात्रसुद्धा राहिलेलो नाही.

आजवर प्रत्येकीला "तुला कधी जमेल?" असं विचारायचो आणि गाडी तिथेच रुतायची. या वेळी मी उलटं विचारलं, "कुठल्या तारखा अजिबात नकोत, तेवढ्या सांगा." दहा मिनिटांत कॅलेंडरवर फुल्या पडल्या आणि सलग चार दिवस मोकळे दिसले. रात्री तीनच का, यावर थोडी हुज्जत झाली. दोन रात्रींची सहल म्हणजे एक दिवस पोचण्यात, एक निघण्यात, हाती उरतो एकच. चार रात्री म्हटल्या की डॉक्टरणीचे रुग्ण आणि माझ्या आईचं औषधपाणी आडवं येतं. समुद्र की शहर, हा वाद मात्र लगेच मिटला. घराच्या दारातून निघाल्यापासून हॉटेलच्या दारात पोचेपर्यंत पाच तासांच्या आत जे बसेल ते, एवढीच अट घातली आणि शहर जिंकलं.

"या वेळी थाटात जायचं," असं बुटीकवाली म्हणाली, तेव्हापासून तो शब्द डोक्यात घोळतोय. थाट म्हणजे माझ्या मते सोन्याचे नळ नव्हेत. सकाळी कुणाचा डबा नाही, कुणाची हाक नाही, इस्त्रीचे कपडे घालून खाली यावं, लॉबीतल्या खुर्चीत निवांत बसावं, आणि बाहेर कधी पडायचं ते आपलं आपण ठरवावं. एवढं मिळालं तरी माझ्यासाठी तो राजेशाही थाट आहे.

बुधवार

आज पैशांचं बोलणं झालं. मला याचीच धास्ती होती.

आमच्यात दोघींची कमाई भरपूर आहे, दोघींची बरी. आणि माझी बाकसोबतीण (सातवीपासून दहावीपर्यंत आम्ही एकाच बाकावर बसलो) सध्या ओढाताणीत आहे. ती ते बोलून दाखवत नाही. मागच्या दोन्ही वेळा बेत ठरत आला की तिची काहीतरी अडचण निघायची, आणि आम्ही हळहळून गप्प बसायचो. खरं कारण मला ठाऊक होतं. तरीही मी कधी तोंड उघडलं नाही, याची मला आता लाज वाटते.

म्हणून आज चिठ्ठ्या केल्या. पाचही जणींनी "प्रवास आणि राहणं मिळून जास्तीत जास्त एवढे" असा आकडा लिहायचा, नाव लिहायचं नाही आणि घडी घालून टाकायची. सगळ्यात लहान आकडा तो आपला कमाल आकडा. बँकेत असलेल्या मैत्रिणीने चिठ्ठ्या उघडल्या. चार आकडे साधारण जवळजवळ होते. पाचवा बराच खाली. अक्षर मी ओळखलं, शून्य काढायची तिची पद्धत अजूनही शाळेतलीच आहे.

बुटीकवाली सहज बोलून गेली, "मग ज्यांना वरचं हॉटेल हवंय त्यांनी वरचे पैसे घालूया ना." मनाने मोठी आहे ती, पण त्या क्षणी खोलीत जी शांतता झाली ती मला सोसवेना. मी म्हटलं, "नको. ठरलंय तसंच. लहान आकडा म्हणजे लहान आकडा, आणि त्यातच थाट जमवायचा." बँकवालीने लगेच उचलून धरलं. राहणं आणि प्रवास समान वाटून, खरेदी मात्र टीटीएमएम, तुझं तू माझं मी. बाकसोबतीण काहीच बोलली नाही. जाताना तिने माझा हात नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरला.

शनिवार

दिवसभर हॉटेलं पाहिली. डोळे दुखताहेत, पण आता बरंच उमगलंय.

तारांकित म्हणजे नेमकं काय, याचा जगभर एकच नियम नाही. एका देशातले चार तारे आणि दुसऱ्या देशातले चार तारे यांत चांगलंच अंतर असू शकतं. त्यामुळे तारे मोजणं सोडलं. फोटोंवरही भिस्त ठेवली नाही, रुंद कोनाच्या भिंगातून काढला की खोलीचा दिवाणखाना होतो. खरं बोलतो तो चौरस मीटरचा आकडा, तो जिथे दिलेला नव्हता ती हॉटेलं मी सरळ बाजूला सारली. अभिप्राय वाचताना सगळ्यात नवे आधी घेतले, आणि त्यातही अत्यंत खूश आणि अत्यंत चिडलेले सोडून मधल्या लोकांचे. "लिफ्ट", "गरम पाणी", "रात्रीचा आवाज" एवढेच शब्द शोधले.

पाच हा आकडा हॉटेलांना आवडत नाही. खोलीचं भाडं सहसा खोलीमागे असतं, माणसामागे नाही, म्हणून दोन-दोन-एक असं विभागलं की एकटीच्या खोलीलाही जवळपास पूर्ण भाडं पडतं. तीन खोल्या आमच्या आकड्यात बसत नाहीत. दोनच घेतल्या तर एकीत तिघी, आणि "तिघांची खोली" म्हणजे बहुतेक ठिकाणी दोन पलंग आणि एक घडीची खाट. त्या खाटेवर कोण झोपणार हे मला आधीच दिसत होतं. बाकसोबतीण म्हणाली असती, "मी झोपते गं, मला कुठेही झोप लागते." म्हणून मी अडून बसले, तीन खरे पलंग हवेत.

बाहेरच्या अंगाचं एक मोठं, काचेचं, झगमगीत हॉटेल होतं. सगळ्यांचा जीव त्यावर अडकला होता. दुसरं जुन्या पेठेत, लहानसं, लाकडी जिन्याचं. झगमगीत हॉटेलातून दर वेळी बाजारात यायला गाडी करावी लागणार, आणि कुणाला दुपारी तासभर पडायचं असेल तर परत जाणं मुश्कील. पेठेतलं हॉटेल बाजारापासून पायी दहा मिनिटांवर. हातातल्या पिशव्या टाकायच्या, तोंड धुवायचं, पुन्हा निघायचं. मला हेच जास्त ऐटबाज वाटतं. शिवाय तिथे दोन खोल्यांमध्ये आतून दार आहे. "कनेक्टिंग" आणि "अ‍ॅडजॉइनिंग" यांतला फरक मला आजच कळला: पहिल्यात आतून दार असतं, दुसऱ्यात खोल्या नुसत्या शेजारी. आपण वेबसाइटवर मागणी टिकटिकवली तरी ती फक्त विनंती असते, म्हणून मी फोन केला आणि पलंगांचं आणि दाराचं ईमेलवर लेखी मागून घेतलं.

अजून एक गोष्ट बँकवालीने सांगितली, ती मी विसरता कामा नये. पोचल्यावर हॉटेलं अनामत म्हणून कार्डावर काही रक्कम अडवून ठेवतात. क्रेडिट कार्ड असेल तर तेवढी मर्यादा कमी होते, पण डेबिट कार्ड दिलं तर खात्यातले खरे पैसे अडकतात आणि सुटायला कित्येक दिवस लागू शकतात. महिनाअखेरीला ज्या घरात एकेक खर्च मोजून होतो, तिथे याने किती त्रास होईल! दोन्ही खोल्या बँकवालीच्या क्रेडिट कार्डावर. रद्द केल्यास पैसे परत मिळणारा दर घेतला, थोडा महाग आहे तरी. पाच घरांत मिळून म्हातारे आईवडील सात आहेत, कुणाचं काय होईल सांगता येत नाही.

रविवार

तिघींच्या खोलीचे २४ चौरस मीटर म्हणजे नक्की केवढे? काल रात्री झोपच येईना. एक चौरस मीटर म्हणजे जवळपास पावणेअकरा चौरस फूट, म्हणजे ही खोली २५८ चौरस फुटांच्या आसपास. पण आकड्याने माझं समाधान होईना. सकाळी सोफा सरकवला आणि हॉलच्या फरशीवर चिकटपट्टीने सहा मीटर बाय चार मीटर आखलं. मग ९० सेंटिमीटर रुंद आणि दोन मीटर लांब असे तीन पलंग. मध्ये जायला साठ-साठ सेंटिमीटर. बसतात! दाराशी तीन बॅगा उघड्या राहतील एवढी जागाही उरते. खिडकीच्या बाजूला मी पट्टीने एक फुली केली.

दुपारी डॉक्टरीण आली होती. ती त्या आखलेल्या पलंगावर खरंच आडवी झाली आणि छताकडे बघत म्हणाली, "लग्नाआधी मी स्वतःच्या पलंगावर झोपायचे, हे मी विसरलेच होते."

हॉटेलांविषयी वाचता वाचता न्यूयॉर्कच्या बार्बिझॉनपर्यंत पोचले. १९२७ मध्ये ते फक्त बायकांसाठी म्हणून सुरू झालं, आणि १९८१ मध्ये पुरुषांना राहायला खुलं झालं, तोवर वरच्या मजल्यांवर पुरुषांना मज्जाव. खोल्या इवल्याशा होत्या. तरी लांबून लांबून मुली येत, कारण दाराची किल्ली त्यांच्या स्वतःच्या हातात असे.

गुरुवार

खरेदी! बुटीकवालीने आज आमची शाळा घेतली आणि मी वहीत सगळं उतरवलं.

पहिल्या दिवशी नुसतं बघायचं. दुसऱ्या दिवशी घ्यायचं. शेवटचा दिवस खरेदीला ठेवायचा नाही, त्या दिवशी माणूस घाईने काहीही उचलतं आणि बदलून घ्यायलाही वेळ उरत नाही. कपडा आधी आतून पाहायचा: शिवणीच्या आत जादा कापड पुरेसं सोडलंय का, चौकडा किंवा रेघा जोडावर जुळतात का. कोपरा मुठीत दाबून सोडायचा, चुण्या तशाच राहिल्या तर दिवसभर अंगावरही तसाच दिसणार. रंग दुकानाच्या दिव्यात पक्का करायचा नाही, कापड दारापाशी नेऊन उन्हात बघायचं. चपला-बूट संध्याकाळी, कारण दिवसभराच्या चालण्याने पाय थोडे सुजतात. मोती दाताच्या कडेवर हलकेच घासला की खरा किंचित रवाळ लागतो आणि नकली गुळगुळीत. चांदीवर ९२५ चा शिक्का म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी.

मी तिला म्हटलं, किंमत चिकटवलेली आणि "घ्याच" असा आग्रह न होता मोकळेपणी फिरून बघू देणारी दुकानं तशी फार जुनी नाहीत. पॅरिसच्या बॉन मार्शे या दुकानात आरिस्तिद बुसिको १८५२ मध्ये भागीदार म्हणून आला आणि त्याने ही पद्धत रुजवली. बघायचं, हात लावायचा, न घेता बाहेर पडायचं. "न घेता बाहेर पडायचं" हे मी जरा जोरात म्हटलं. बाकसोबतीण ऐकत होती.

एका संध्याकाळी पाचही जणींनी एका रंगात नटायचं असा प्रस्ताव आला. मी एक रंग नको म्हटलं, मग प्रत्येकीला नवं घ्यावं लागतं. शेवाळी, मोरपंखी, गडद निळा, यातलं कपाटात जे असेल ते. बाकसोबतीण पहिल्यांदा आपणहून बोलली, "माझ्याकडे आईची मोरपंखी साडी आहे. अजून एकदाही नेसले नाहीये." सगळ्या एकदम तिच्याकडे वळल्या. साडीचा पोत कसला, काठ केवढा, ब्लाउज आहे का. ब्लाउज नव्हता. बुटीकवाली म्हणाली, "माप दे, मी शिवते." इथे तिने जे मोठेपण दाखवलं, ते मला त्या बुधवारच्या पैशांपेक्षा शंभरपट आवडलं.

मंगळवार

बॅग अर्धी रिकामी भरली. आत एक घडीची पिशवी. विमानाच्या केबिनमध्ये बऱ्याच कंपन्या सात किलोच चालवतात, म्हणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक वस्तू तोलली. द्रव पदार्थ १०० मिलिलिटरच्या बाटल्यांत. पॉवर बँक हातातल्याच बॅगेत, खाली सामानात टाकायची परवानगी नसते.

नेली ब्लाय ही पत्रकार १८८९ मध्ये एकच छोटी बॅग घेऊन निघाली आणि ७२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. त्या बॅगेत तिला सगळ्यात जास्त छळलं ते कोल्ड क्रीमच्या बरणीने. वाचून मला फार जवळची वाटली ती. तिच्या वेळी बॅगेला चाकंसुद्धा नव्हती. बर्नार्ड सॅडोला चाकांच्या बॅगेचं पेटंट मिळालं १९७२ मध्ये, आणि उभी ओढायची बॅग काढली रॉबर्ट प्लाथ नावाच्या वैमानिकाने, १९८७ मध्ये. तोवर बायका एवढं सामान हातांत उचलून कशा जात असतील! माझी क्रीमची बरणी मी छोट्या डबीत रिकामी केली.

आदली संध्याकाळ

हॉलमधली चिकटपट्टी अजून तशीच आहे. घरचे तीन आठवडे तिच्यावरून चालताहेत, पण कुणी काढली नाही.

सहा वाजता बाकसोबतीण आली, हातात कागदात गुंडाळलेला ब्लाउज. घालून दाखवला. खांद्यावर इतका नेमका बसला होता की मी तिला दोनदा फिरायला लावलं. मग ती पट्ट्यांच्या आत जाऊन उभी राहिली. ही कोणाची जागा, ती कोणाची, असं विचारत एकेका पलंगाशी थांबली. खिडकीपाशी पोचल्यावर खाली वाकून फुलीला बोट लावलं.

"हा मला हवा," ती म्हणाली.

शाळेपासून आजवर तिने काही मागितल्याचं मला आठवत नाही.

"तुझाच आहे," मी म्हटलं. आणि आम्ही दोघींनी मिळून पट्टी सोलायला घेतली, तिचा पलंग सगळ्यात शेवटी.